रोजच्यासाठी छोटी स्पोर्टी हॅचबॅक घ्यायचीय? मग टेस्ट ड्राइव्ह अशी घ्या

छोटी स्पोर्टी हॅचबॅक दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये नापास होणं जवळपास अशक्य आहे. मोकळा रस्ता असतो, सेकंड गिअरला पाय दाबला की पाठ सीटला चिकटते, बाजूला बसलेला शोरूमचा माणूस म्हणतो "पिकअप बघितलात?" आणि आपण मनात रंग ठरवायला लागतो. मी आधीची गाडी अशीच घेतली होती. दहा मिनिटं चालवली, दोनदा जोरात पळवली, परत येऊन बुकिंग करून टाकलं. महिनाभरात कळलं की दोन हजार आरपीएमच्या (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) खाली ती गाडी चालतच नाही, म्हणजे चालते पण ओढत नाही, आणि माझं रोजचं अर्ध्याहून जास्त ड्रायव्हिंग नेमकं त्याच आरपीएमवर होतं. सीटच्या कडेची उंच उशी रोज उतरताना मांडीला रुतायची, खराब रस्त्यावर डॅशबोर्ड खडखडायचा. चौदा महिन्यांत विकली. गाडी वाईट नव्हती खरं तर, पण जे तपासायला हवं होतं ते मी तपासलंच नव्हतं आणि विकणाऱ्यांनी ते दाखवायचा प्रश्नच नव्हता. पुढची गाडी घेताना तीनदा चालवून, तीन वेगवेगळ्या वेळी, वही घेऊन घेतली आणि ती आजही मला आवडते. तेच सगळं इथे लिहितोय.

मुळात एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रोजच्या गाडीची मजा ताशी साठच्या आतच यायला हवी. शंभरला सगळ्याच गाड्या मजेशीर वाटतात, पण आपण रोज शंभरला नसतो, सिग्नल, वळण, स्पीडब्रेकर, पार्किंग, परत सिग्नल असंच चाललेलं असतं. त्या तीसचाळीसच्या स्पीडला गाडी हाताशी बोलते का, एवढंच बघायचंय. आणि छोट्या गाड्यांचं सगळं वैभव याच स्पीडला आहे, कारण त्या हलक्या असतात. जुनी मिनी कूपर १९६४, १९६५ आणि १९६७ ला माँटे कार्लो रॅली जिंकली ती काही ताकदीच्या जोरावर नाही, तिच्यापेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाड्या होत्याच की तिथे, पण मिनी हलकी होती, पुढच्या चाकांवर चालायची आणि चाकं अगदी चार कोपऱ्यांत. १९७६ च्या पहिल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचं इंजिन १.६ लिटरचं, ११० पीएसचं (पीएस म्हणजे पॉवरचं माप, अश्वशक्तीच म्हणा), आज हा आकडा ऐकून कोणी मान वळवून बघणार नाही, पण गाडीचं वजन साधारण ८१० किलो होतं. म्हणजे टनाला साधारण १३६ पीएस. २०१७ ला आलेली स्विफ्ट स्पोर्ट घ्या, १४० पीएस आणि साधारण ९७५ किलो, टनाला १४४ च्या आसपास. चाळीस वर्षांत हिशोब फारसा बदलला नाही बघा. म्हणून ब्रोशर हातात आलं की आधी पॉवरचा आकडा बघू नका, वजन बघा आणि भागाकार करा. दोन गाड्यांची पॉवर सारखी असेल आणि एक दीडशे किलोने हलकी असेल तर हलकीच आधी चालवून बघा. ब्रेक, टायर, वळणं, सगळीकडे तो दीडशे किलोचा फरक जाणवतो.

आता जायच्या आधीची तयारी. फोन करून वेळ घ्या आणि स्पष्ट सांगा की मला पाऊण तास पाहिजे, रस्ता मी ठरवणार. तयार नसतील तर दुसरीकडे जा, किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, तेव्हा गर्दी नसते आणि कोणी घाई करत नाही. दुसरं म्हणजे तुम्ही घेणार आहात तीच व्हेरिएंट पाहिजे, तोच गिअरबॉक्स, त्याच साइझची चाकं. मॅन्युअल घ्यायचीय आणि ऑटोमॅटिक चालवून आलात तर त्या टेस्ट ड्राइव्हला काही अर्थ नाही, इंजिन तेच असलं तरी गाडी वेगळी वागते. तिसरं, गाडीला काही लागलं तर खर्च कोणाचा हे चावी घेण्याआधीच विचारून घ्या, आणि सहीसाठी जो कागद पुढे करतात तो वाचा. आणि रोज जे बूट घालता तेच घालून जा. पातळ तळव्याचे शूज घालून पेडल छान वाटतात आणि मग रोजच्या जाड बुटात क्लच आणि ब्रेक दोन्हीवर एकदम पाय पडतो. हे सांगण्यासारखं वाटत नाही पण छोट्या गाडीत पेडलची जागा खरंच अरुंद असते.

गाडी समोर आली की लगेच स्टार्ट मारू नका. पाच मिनिटं नुसते बसा. सीट पूर्ण खाली करा, स्टिअरिंग वर खाली आणि आत बाहेर दोन्ही करून बघा, काही गाड्यांत आत बाहेर होतच नाही आणि मग उंच माणसाला एकतर हात ताणून नाहीतर गुडघे दुमडून बसावं लागतं. पाठ सीटला टेकलेली ठेवून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकतंय का बघा, टेकलं तर अंतर बरोबर. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेलाच राहायला हवा. मग गाडीतून पाच वेळा चढा आणि उतरा. हो, पाच वेळा, बाजूचा माणूस बघत असला तरी. स्पोर्टी सीटच्या कडा वळणावर धरून ठेवतात हे खरं, पण तीच कड दिवसातून सातआठ वेळा मांडीखालून जाते आणि एकदोन वेळा चढून उतरून ते कळत नाही. आणि खिशात मोबाइल, पाकीट जे असतं ते असू द्या, तसंच तर रोज बसणार आहात.

मग खाली उतरून टायर बघा. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण छोट्या स्पोर्टी गाडीचा आराम बिघडतो तो बहुतेक इथेच. टायरवर आकडे असतात, समजा १९५/४५ आर १७. १९५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ४५ म्हणजे त्या रुंदीच्या ४५ टक्के टायरची उंची, १७ म्हणजे रिम किती इंची. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर किती, तर साधारण ८८ मिलिमीटर. साध्या हॅचबॅकला समजा १८५/६५ आर १५ असेल तर तिथे १२० मिलिमीटर. सव्वातीन सेंटिमीटरचा फरक, आणि खड्ड्यात चाक गेलं की पहिला मार हे रबरच खातं, सस्पेन्शनचा नंबर त्याच्यानंतर. रबर कमी म्हणजे गाडी वळताना चोख वळते, टायरची भिंत दुमडत नाही, पण खड्ड्याची धार सरळ तुमच्या कण्यात येते आणि रिम वाकायची भीती वेगळी. तुमच्या रोजच्या रस्त्यावर खड्डे असतील तर त्याच मॉडेलला एक इंच लहान रिम मिळते का विचारा. मिळत असेल तर मी डोळे झाकून लहान रिम घेईन, दिसायला जरा कमी वाटली तरी चालेल.

आणि हवा चेक करायला सांगा, हे कोणीच करत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यावर पुढच्या मागच्या चाकांना किती हवा ते दिलेलं असतं. टेस्ट ड्राइव्हची गाडी बरेचदा जास्त हवेवर असते, आणि ३२ च्या जागी ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर गाडी दगडासारखी वाटणारच. मग तुम्ही चांगल्या गाडीला नावं ठेवून घरी याल. उलटही होतं, हवा कमी असली तर राइड मऊ वाटते आणि स्टिअरिंग ढिलं.

आता चालवायला घ्या. एसी चालू, गाणी बंद, मोड नॉर्मल. पहिली पंधरा मिनिटं पळवायचं नाहीच, अजिबात, कितीही मोह झाला तरी, आणि बाजूचा माणूस "दाबा ना सर" म्हणाला तरी. गाडी अजून गरमही झालेली नसते, आणि एकदा ती किक बसली की नंतर बारीक गोष्टी जाणवायच्या बंद होतात.

क्लचपासून सुरुवात करा. जागेवर उभं राहून हळूहळू सोडा आणि तो कुठे पकडतो ते पायाला कळू द्या. खाली लगेच पकडत असेल किंवा मधे कुठेतरी पकडत असेल तर पायाला सोपं जातं, अगदी वर येऊन पकडत असेल तर ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासात पिंढरी भरून येते. मग फर्स्टमध्ये अ‍ॅक्सिलरेटर न देता गाडी नुसत्या क्लचवर सरकते का बघा, सरकताना हिसके देते का. मग सेकंडमध्ये पंधरा वीसच्या स्पीडला येऊन हळूच रेस द्या. टर्बो इंजिन (ज्यात जास्तीची हवा दाबून आत ढकलतात) असेल, आणि हल्ली बहुतेक असतंच, तर इथेच त्याचा खरा चेहरा दिसतो. काही इंजिनं दीड हजार आरपीएमपासून अलगद ओढायला लागतात, काही दोन हजारापर्यंत गप्प बसतात आणि मग एकदम सगळं देतात. ते एकदम देणं पहिल्या दिवशी भारी वाटतं. पण रोज पुढच्या गाडीच्या मागे चालताना आधी काहीच नाही, म्हणून तुम्ही अजून पाय देता, आणि मग नको तेवढं, म्हणून परत ब्रेक, असं होत राहतं. मी याच गोष्टीला फसलो होतो. म्हणून हा प्रयोग किमान सातआठ वेळा करा, सिग्नलच्या गर्दीत मुद्दाम जा, टेस्ट ड्राइव्हचा रस्ता ठरवतानाच एक तुंबणारा चौक त्यात घाला.

ऑटोमॅटिक असेल तर अजून एक बघायचं. ड्युअल क्लच गिअरबॉक्स पळताना फार सुंदर चालतो, गिअर कधी पडला कळत नाही, पण त्याच्या आत क्लचच असतात आणि मुंगीच्या पावलाने सरकताना ते कधी कधी अडखळतात. चढावर थांबा, ब्रेक हळू सोडा, मागे घसरते का बघा. रिव्हर्समध्ये पार्क करताना इंच इंच सरकवता येते का, की एकदम उडी मारते, तेही बघा. हे सगळं नीट जमत असेल तर तो गिअरबॉक्स रोजच्याला चांगला.

गिअर मॅन्युअल असेल तर सेकंडमधून थर्ड आणि थर्डमधून परत सेकंड, हे दोन बदल खूप वेळा करा, कारण मजेच्या ड्रायव्हिंगमध्ये हेच दोन बदल सतत लागतात. लिव्हर स्वतःहून मधे येते का, खाचेत बसताना टक असा जाणवतो का, की खिचडीत चमचा फिरवल्यासारखं होतं. घाईत केला तरी आत जायला हवा.

मग खराब रस्ता. रस्ता निवडताना एक उखडलेला तुकडा आणि तीनचार स्पीडब्रेकर हवेतच. स्पीडब्रेकरवर गाडी एकदा उडून लगेच शांत झाली तर सस्पेन्शन कडक असलं तरी चांगलं ट्यून केलेलं आहे. दोनतीनदा वर खाली होत राहिली तर ती धड मऊ पण नाही आणि धड स्पोर्टी पण नाही. कडक असणं हा दोष नाहीच, स्पोर्टी गाडी कडक असणारच, पण कडक वेगळं आणि आदळणारं वेगळं. चांगल्या गाडीत खड्डा कळतो, दुखत नाही. कान पण उघडे ठेवा, डिकीच्या वरचं झाकण, दाराचं प्लास्टिक, सीटबेल्टचं बकल, काय काय वाजतंय ते ऐका. नव्या गाडीतच वाजत असेल तर दोन वर्षांनी बँड होईल.

आता वळणं, आणि ही माझी सगळ्यात आवडती जागा. ओळखीचं, मोकळं, पुढचं स्वच्छ दिसतंय असं एखादं वळण किंवा गोल सर्कल घ्या, सेकंड गिअर, स्पीड पस्तीसचाळीस, कायद्याच्या मर्यादेच्या आतच. वळणाच्या आधी ब्रेक सोडा आणि स्टिअरिंग एकदाच, गुळगुळीत, जेवढं लागेल तेवढं फिरवा आणि तिथेच धरून ठेवा. पहिल्या अर्ध्या सेकंदाकडे लक्ष द्या. हात फिरला की नाक लगेच वळलं का, की आधी गाडी कलली आणि मग विचार करून वळली? मग बाहेरच्या पुढच्या टायरवर वजन येतं ते हाताला कळतं का, स्टिअरिंग थोडं जड होतं का. चांगल्या छोट्या गाडीत त्या क्षणी पुढचा टायर रस्त्यात दात रोवतो असं वाटतं आणि मागचा भाग त्याच्यामागे बरोबर येतो, एकसंध, जसा तबल्यावर हात बरोबर पडला की आवाजावरूनच कळतं ना, तसं. मग वळणाच्या मधे हळूच अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडा. नाक किंचित आत येतं का बघा. येत असेल तर गाडी पायाने पण वळवता येते, आणि चाळीसच्या स्पीडला एवढं मिळालं तर रोज ऑफिसला जाताना पण मिळणार आहे. काहीच झालं नाही, स्टिअरिंग खेळण्यासारखं हलकं, हाताला काहीच कळत नाही, तर त्या गाडीवर कितीही लाल दोरा शिवलेला असू दे आणि कितीही स्पॉयलर लावलेला असू दे, तो नुसता मेकअप आहे.

हो, मेकअपचं सांगायचं राहिलंच. बऱ्याच कंपन्या साध्याच गाडीला लाल शिलाई, काळं छप्पर, दोन सायलेन्सर आणि एक स्पोर्टी नाव देऊन विकतात. त्यात वाईट काही नाही, पण पैसे कशाचे देतोय ते माहीत पाहिजे. म्हणून विचारा, स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर वेगळे आहेत का, ब्रेकच्या डिस्क मोठ्या आहेत का, मागे डिस्क आहे की ड्रम, स्टिअरिंगचं ट्यूनिंग वेगळं आहे का. आणि शक्य असेल तर त्याच दिवशी त्याच मॉडेलची साधी व्हेरिएंट पण त्याच रस्त्यावर चालवा. यासारखी दुसरी परीक्षा नाही. कधी कधी साधीच जास्त आवडते, आणि मग तीच घ्या की, पैसे पण वाचतात.

ब्रेक दोन प्रकारे बघायचे. एक म्हणजे रोजचा हलका ब्रेक, सिग्नलला येताना. पाय ठेवल्या ठेवल्या एकदम लागतो की पाय जेवढा दाबू तेवढा लागतो? दुसरा पाहिजे. एकदम लागणारा ब्रेक पहिल्यांदा जोरदार वाटतो पण त्याच्यावर अलगद थांबता येत नाही आणि शेजारी बसणाऱ्याची मान सारखी पुढे जाते. दुसरं म्हणजे एकदा जोरात. हे करताना मागे कोणी नाही याची खात्री, बाजूच्याला आधी सांगून, सीटबेल्ट लावून, सरळ कोरड्या रस्त्यावर, पन्नासच्या आसपासच्या स्पीडवरून. गाडी सरळ रेषेत थांबते का, एका बाजूला ओढते का, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी सिस्टिम) लागल्यावर पायाखाली थरथर जाणवते ती नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका.

आता पळवा. इथपर्यंत अर्धा तास झालेला असतो, इंजिन गरम असतं. शून्य ते शंभरचा नाद सोडून द्या, तो आकडा कागदावरचा आहे, रोज कोण शून्यापासून शंभर करतंय. त्याऐवजी थर्डमध्ये चाळीसवरून पाय द्या आणि रस्ता परवानगी देईल तिथपर्यंत जाऊ द्या, मग तेच फोर्थमध्ये. ओव्हरटेक करताना हेच लागतं. या जातीच्या गाड्यांमध्ये टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, भरपूर असतो, स्विफ्ट स्पोर्टला २३० न्यूटन मीटर, फोर्डच्या शेवटच्या पिढीच्या फिएस्टा एसटीला सुरुवातीला तीनच सिलिंडरमध्ये २९०, ह्युंदाई आय२० एनला २७५, आणि हे सगळं पुढच्या दोनच चाकांवर. ती दोन चाकं वळतात पण आणि ओढतात पण. म्हणून सेकंडमध्ये एकदम पाय दिला की स्टिअरिंग हातात डावीउजवीकडे ओढ घेतं, त्याला टॉर्क स्टिअर म्हणतात. थोडं असलं तर मी म्हणेन त्यातही मजा आहे, पण ओल्या रस्त्यावर हात घट्ट धरून बसावं लागत असेल तर ते रोजचं काम नाही. काही गाड्यांत मेकॅनिकल लिमिटेड स्लिप डिफरन्शियल येतं, ते ताकद पकड असलेल्या चाकाला देतं आणि वळणातून बाहेर पडताना नाक आत ओढतं. टोयोटा जीआर यारिसने तर चारही चाकांना ताकद देऊन हा प्रश्नच संपवला, पण ती गाडी मुळात रॅलीच्या हिशोबाने बनवलेली.

स्पोर्ट मोड आता लावा, आधी नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत हा मोड इंजिनाची ताकद वाढवत नाही, अ‍ॅक्सिलरेटर जास्त चटकन लागतो, स्टिअरिंग जड होतं, ऑटोमॅटिक असेल तर गिअर उशिरा टाकते, बस. सस्पेन्शन बदलतं फक्त इलेक्ट्रॉनिक शॉक अ‍ॅब्झॉर्बर असलेल्या गाड्यांत, आणि या साइझमध्ये ते क्वचितच असतात. स्टिअरिंग जड झालं म्हणजे रस्ता जास्त कळायला लागला असं नाही, ते वळणावर परत तपासा. आणि आवाज. काही गाड्यांत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून मिसळून देतात, काच खाली करून ऐका, बाहेर आणि आत वेगळं ऐकू आलं तर समजून जा. मला तरी खरा आवाज हवा, लहान असला तरी.

शेवटी मोठ्या रस्त्यावर पाच मिनिटं एकसारख्या ऐंशीनव्वदच्या स्पीडला. टायरचा घोंगावणारा आवाज किती येतो, बाजूच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं का, टॉपच्या गिअरला आरपीएम किती. लांबचा प्रवास असेल तर हे फार महत्त्वाचं, नसेल तर सोडून द्या.

परत आल्यावर पार्किंग तुम्हीच करा. मागची काच केवढी दिसते, जाड खांबामागे काय लपतं, एका दमात यू-टर्न बसतो का. रुंद टायर आणि स्पोर्टी सेटअपमुळे काही गाड्यांचं चाक साध्या व्हेरिएंटपेक्षा कमी वळतं आणि रोज त्याचा त्रास होतो. मग मागच्या सीटवर स्वतः बसा, तुमची सीट तुमच्या पोझिशनला ठेवूनच. लहान मूल असेल तर त्याची सीट घेऊन जा आणि बसवून बघा. पेट्रोलच्या झाकणाआतला स्टिकर वाचा, काही टर्बो इंजिनांना जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, तो रोजचा खर्च आहे. त्या साइझच्या टायरची किंमत आणि इन्शुरन्सचा आकडा त्याच दिवशी विचारून ठेवा.

आणि घरी जाताना एक करा, याने मला सगळ्यात जास्त कळलं. आपली आत्ताची गाडी घेऊन लगेच त्याच रस्त्यावरून जा, तेच खड्डे, तेच वळण, तोच चौक. टेस्ट ड्राइव्हमध्ये जे नुसतं वेगळं वाटलेलं असतं ते इथे नीट उलगडतं, म्हणजे स्टिअरिंग खरंच चांगलं होतं की फक्त नवं होतं. गाडी बाजूला थांबवून फोनवर स्वतःलाच दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करा. संध्याकाळपर्यंत डोक्यात फक्त पिकअप उरतो, बाकी सगळं पुसलं जातं.

दुसरी टेस्ट ड्राइव्ह किमान आठवड्याने आणि वेगळ्या परिस्थितीत. पहिली दिवसा केली असेल तर ही अंधार पडल्यावर, हेडलाइटचा उजेड कसा पडतो, स्क्रीनचा उजेड काचेत दिसतो का. पाऊस पडत असेल तर सोन्याहून पिवळं, पुढच्या चाकांची पकड ओल्यातच कळते. घरातलं जे माणूस रोज बाजूला बसणार आहे त्याला बरोबर न्या आणि चालवताना काही विचारू नका. त्याने स्वतःहून दारावरचं हँडल धरलं, मान सावरली, हे तुम्हाला दिसेलच. आणि ते स्वतः गाडी चालवणार असतील तर त्यांनाही चालवू द्या, परत फिरताना पूर्ण रस्ता.

सेकंडहँड घेत असाल तर वरचं सगळं आहेच, शिवाय ही गाडी आधीच्या मालकाने कशी दामटली असेल ते शोधायचं असतं. थंड इंजिनावर स्टार्ट करायला मिळायला हवी. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर आधीच चालू करून ठेवलीय, परत दुसऱ्या दिवशी या. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आत जात असण्याची शक्यता. क्लच तपासायला फोर्थमध्ये चाळीसपन्नासच्या स्पीडला पूर्ण पाय द्या, आरपीएम वर गेला आणि स्पीड तसाच राहिला तर क्लच सरकतोय. चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का, आतल्या कडेला जास्त झिजलेत का, आणि टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, ३२२१ लिहिलं असेल तर २०२१ सालचा ३२ वा आठवडा. इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली होती का ते सरळ विचारा. वाढवली असेल तर क्लच आणि टर्बोवर जास्तीचा भार येऊन गेलाय आणि नंतर परत ओरिजिनल केली तरी झीज काही परत येत नाही. माहितीतला मेकॅनिक बरोबर असेल तर त्याला स्कॅनर लावून सगळे एरर कोड बघायला सांगा, आणि नुकतेच पुसलेत का तेही.

पैसे भरायच्या आधी बुकिंगच्या कागदावर व्हेरिएंटचं पूर्ण नाव, गिअरबॉक्स, रिमची साइझ आणि शक्य असेल तर टायरची कंपनी लिहून घ्या, तुम्ही चालवलेल्या गाडीला जे होतं तेच. तुम्ही चालवली ती सोळा इंची रिमवर आणि दारात आली ती सतरा इंचीवर, असं झालं तर जी गाडी तुम्हाला आवडली होती ती तुमच्याकडे आलेलीच नसते. डिलिव्हरीच्या दिवशी सही करण्याआधी खाली वाकून टायरवरचा आकडा वाचा आणि दाराच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून मगच गाडी बाहेर काढा.